डस्टी ऱ्होड्सचे तीन दिवस

जेम्स लामार ऊर्फ डस्टी ऱ्होड्स हा अलाबामात जन्मलेला, डाव्या हाताने फटकावणारा बेसबॉलपटू. न्यूयॉर्क जायंट्सचा हा बाह्यक्षेत्ररक्षक आठवला जातो तो १९५४च्या वर्ल्ड सिरीजमधल्या एका फटक्यासाठी, आणि तोही बहुधा नशिबाचा म्हणून. त्या वेळचे गुणतक्ते ओळीने वाचले, तर हा निकाल टिकत नाही.

आधी त्या हंगामाची नोंद पाहू. ८२ सामने, फटकावण्याची अधिकृत संधी १६४ वेळा. रोज पूर्ण सामना खेळणाऱ्याला दर सामन्यात साधारण चार संधी मिळतात. ऱ्होड्सच्या वाट्याला सरासरी दोनच. कारण क्षेत्ररक्षणात तो कच्चा मानला जाई. त्यामुळे व्यवस्थापक लिओ ड्यूरोशर त्याला अनेकदा ‘पिंच हिटर’ म्हणून पाठवत. बेसबॉलमध्ये हा खेळाडू दुसऱ्याच्या जागी फटकावायला येतो आणि ज्याची जागा घेतली तो त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. बाकावर दोन-दोन तास बसून अचानक उठायचे आणि ताज्या दमाच्या वेगवान चेंडूला सामोरे जायचे. या कामात त्या वर्षी तो ४५ पैकी १५ वेळा यशस्वी ठरला. एकूण ५६ यशस्वी फटके, त्यांत १५ होमरन.

आता २९ सप्टेंबर, मालिकेचा पहिला सामना. पोलो ग्राउंड्स, समोर १११ सामने जिंकून आलेला क्लीव्हलँड. आठव्या डावात २–२ अशी बरोबरी असताना क्लीव्हलँडच्या व्हिक वर्ट्झचा चारशे फुटांच्याही पलीकडे गेलेला चेंडू जायंट्सच्या विली मेजने पाठमोरे धावत झेलला. दहाव्या डावात मेज चालत पहिल्या बेसवर गेला, त्याने दुसरा बेस चोरला. हँक थॉम्पसनला मुद्दाम चालत जाऊ दिले. मग मॉन्टी अर्विनच्या जागी ऱ्होड्स आला. बॉब लेमनचा चेंडू त्याने उजव्या सीमेकडे उचलला आणि तो भिंतीपलीकडे पडला. तिथे रेषेवर भिंत जेमतेम २५८ फुटांवर होती. तीन धावा, ५–२.

आखूड फटका म्हणून टीका झाली ती याच होमरनवर, आणि इतकी टीका रास्तच आहे. पण दुसऱ्या दिवशीचा तक्ता पाहा. जायंट्स ०–१ मागे. पाचव्या डावात ऱ्होड्स पुन्हा अर्विनच्या जागी येतो, अर्ली विनविरुद्ध एकेरी फटका मारतो, मेज घरी येतो, बरोबरी. त्याला डाव्या बाह्यक्षेत्रात ठेवले जाते. सातव्या डावात त्याच विनला होमरन, चेंडू प्रेक्षागारात बराच उंच. जायंट्स ३–१. तिसऱ्या दिवशी सामना क्लीव्हलँडच्या मैदानावर. तिसऱ्या डावात तिन्ही बेस भरलेले, पुन्हा अर्विनच्याच जागी ऱ्होड्स, माइक गार्सियाविरुद्ध एकेरी फटका, दोन धावा. जायंट्स ६–२. एकेरी फटक्यांचे भिंतीशी देणेघेणे नसते. लेमन, विन आणि गार्सिया हे त्या मोसमातले क्लीव्हलँडचे आघाडीचे गोलंदाज होते, आणि तिघांनाही त्याने एकदा तरी चोपले. पहिल्या फटक्यात नशीब होते असे म्हणता येईल. पुढच्या तिन्हींत ते कुठे दाखवायचे, हे मला कळत नाही.

आणि ज्या अर्विनला तीनदा बाहेर बसवले, तो सामान्य खेळाडू नव्हता. निग्रो लीगमधून आलेल्या अर्विनला १९७३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. ड्यूरोशरचा धोका केवढा होता, ते यावरून समजते.

चौथ्या सामन्यात ऱ्होड्सची गरज पडली नाही. जायंट्सने तो ७–४ असा जिंकला आणि त्याबरोबर मालिकाही. त्याचा हिशेब: सहा संधी, चार यशस्वी फटके, सात धावा घडवल्या.

पुढचे वर्ष बरे गेले, मग उतार सुरू झाला. सॅन फ्रान्सिस्कोला गेलेल्या संघाकडून १९५९ मध्ये ४८ संधींत नऊ फटके आणि एकही होमरन नाही. तो त्याचा वरच्या लीगमधला शेवटचा हंगाम. सात हंगामांत मिळून ५७६ सामने आणि ५४ होमरन. निवृत्तीनंतर त्याने न्यूयॉर्क बंदरात टगबोटीवर अनेक वर्षे काम केले. १७ जून २००९ रोजी लास व्हेगासमध्ये त्याचे निधन झाले.