हरिण की बकरा? कल्पसूत्राच्या चित्रांतील हरिणेगमेषी

गुजरात आणि राजस्थानात चौदाव्या-पंधराव्या शतकांत तयार झालेल्या कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या चाळताना एक आकृती वारंवार समोर येते. देह माणसाचा, वेष आणि अलंकार एखाद्या सरदाराला शोभावेत असे, चाल लगबगीची. मानेवर मात्र पशूचे मस्तक. दोन्ही हातांत त्याने बहुधा एक इवलेसे बालक अलगद धरलेले असते. ते मस्तक कोणत्या पशूचे, हे मात्र चटकन सांगता येत नाही. एका पोथीत ते हरिणासारखे दिसते, दुसरीत बकऱ्याचा भास होतो, तर शिंगे गाळलेली असली म्हणजे घोड्याचीच आठवण व्हावी. पोथ्यांच्या सूचीकारांनीही त्याचे वर्णन निरनिराळ्या प्रकारे केले आहे.

हा हरिणेगमेषी. श्वेतांबर जैनांच्या कल्पसूत्रातील कथेप्रमाणे महावीरांचा जीव प्रथम ऋषभदत्त ब्राह्मणाची पत्नी देवानंदा हिच्या उदरी आला. तीर्थंकराचा जन्म क्षत्रिय राजकुळात व्हावयाचा, म्हणून शक्राने, म्हणजे इंद्राने, आपल्या पायदळाचा सेनापती हरिणेगमेषी याला आज्ञा केली आणि त्याने ब्याऐंशी दिवस लोटल्यानंतर, त्र्याऐंशीव्या रात्री तो गर्भ क्षत्रियाणी त्रिशलेच्या उदरी नेऊन ठेवला. दिगंबर परंपरेला हे गर्भहरण मान्य नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागांतील मराठी बोलणारा जैन समाज मुख्यतः दिगंबर असल्यामुळे मराठी वाचकाला ही आकृती सहसा परिचयाची नसते. तिच्या दर्शनासाठी गुजरातेतील ज्ञानभांडारांकडेच वळावे लागते.

नवल असे की, कल्पसूत्राच्या मूळ पाठात या सेनापतीच्या मुखाविषयी चकार शब्द नाही. तो कोण आणि त्याने काय केले एवढेच ग्रंथ सांगतो. मग चित्रकाराला हे मस्तक सुचले कोठून?

या प्रश्नाचे पहिले उत्तर हेर्मान याकोबी या जर्मन पंडिताने दिले. त्याने इ. स. १८७९ मध्ये कल्पसूत्राची संपादित आवृत्ती काढली आणि १८८४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्याचे उत्तर व्याकरणाचे होते. टीकाकारांच्या मते ‘हरि’ म्हणजे इंद्र, आणि त्याच्या आज्ञेची वाट पाहणारा तो हरिणेगमेषी. प्राकृतात ‘न’चा ‘ण’ होतो. त्यामुळे ‘हरि’ आणि ‘णेगमेसी’ ही दोन पदे जोडून लिहिली की डोळ्यांना पहिल्यांदा दिसते ते ‘हरिण’. नावाचा हा चुकीचा विग्रह चित्रकारांच्या डोक्यात बसला आणि इंद्राच्या सेनापतीला हरिणाचे तोंड आले, असे याकोबीचे म्हणणे.

हे उत्तर इतके सुटसुटीत आहे की तेथेच थांबण्याचा मोह व्हावा. परंतु मथुरेजवळच्या कंकाली टिल्याने त्याला धक्का दिला. तेथे १८८८ ते १८९१ या काळात झालेल्या उत्खननात एक भग्न शिलापट्ट सापडला. त्यावर पशुमुखी देव बसलेला असून जवळ स्त्रिया आणि बालक आहेत, आणि ‘भगवा नेमेसो’ अशी अक्षरे कोरलेली आहेत. ब्यूलरने १८९४ मध्ये तो प्रसिद्ध करून या नेमेसाचे नाते कल्पसूत्रातील सेनापतीशी जोडले. पट्टावर नेमका गर्भहरणाचाच प्रसंग आहे का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण देवाची ओळख वादातीत आहे, आणि त्याचे मुख बकऱ्याचे आहे. हा पट्ट चित्रित पोथ्यांपेक्षा हजार वर्षांहून अधिक जुना आहे. शिवाय लेखात ‘हरि’ हा शब्दच नाही, तेव्हा हरिणाचा गोंधळ होण्यास जागाच उरत नाही. म्हणजे पशूचे मस्तक शब्दभ्रमातून जन्मलेले नव्हे. ते आधीपासूनच होते.

या धाग्याचे दुसरे टोक विंटरनित्स याने १८९५ मध्ये शोधले. ऋग्वेदाच्या खिलसूक्तांत आणि गृह्यसूत्रांत ‘नेजमेष’ नावाच्या देवतेची पुत्रप्राप्तीसाठी प्रार्थना आहे. नेजमेष, नैगमेष आणि नेमेस ही एकाच देवतेची रूपे असावीत, असे त्याने दाखवून दिले. नावातला ‘मेष’ हा अवयव तर मेंढ्याचाच निर्देश करतो. महाभारताच्या वनपर्वात अग्नी नैगमेय होऊन, बकऱ्याचे मुख धारण करून, बाळ स्कंदाला जणू खेळण्यांनी रिझवतो. पशूचे तोंड घेऊन तान्ह्या मुलाला हसविणारा हा देव वाचकाला लळा लावून जातो. सुश्रुतसंहितेत मात्र त्याचे दुसरे रूप आहे. तेथे नैगमेष हा बालकांना पछाडणाऱ्या नऊ ग्रहांपैकी एक आहे, आणि त्याच प्रकरणात त्या अजमुखी देवाने बालकाचे रक्षण करावे अशी विनवणीही आहे. जो नेऊ शकतो तोच राखू शकतो, ही ती भावना. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत पाचवी-सटवीची पूजा ज्या धाकाने आणि ज्या आशेने होते, तिच्याशी ही विनवणी फारशी परकी नाही.

मथुरेला मुलांना अंगाखांद्यावर घेतलेल्या अजमुखी देवतांच्या मूर्ती मिळाल्या. अहिच्छत्र, कुम्राहार आणि राजघाट येथे त्याच घाटाच्या, लोंबत्या कानांच्या मातीच्या आकृतीही सापडल्या. या मृण्मूर्ती महागड्या नव्हेत. सामान्य घरांतील बायाबापड्यांनी मुलांसाठी नवस बोलावेत, अशाच त्या वाटतात. जैन आगमांतही या पूजेची स्पष्ट खूण आहे. अन्तकृद्दशांत सुलसा नावाच्या स्त्रीला मृत अपत्ये होतील असे भाकीत केले जाते. ती हरिणेगमेषीच्या मूर्तीची नित्य पूजा करते आणि तो प्रसन्न होऊन तिची मृत बालके देवकीच्या जिवंत पुत्रांशी बदलतो. मुले देणारी ही लोकदेवता जैन कथेत आली, आणि इंद्राच्या दरबारात तिला सेनापतीचे पद मिळाले. तीर्थंकराचा गर्भ हलविण्याचे नाजूक काम तिच्याकडेच का सोपविले गेले, हे यावरून उमगते.

मग याकोबी सर्वस्वी चुकला काय? तसेही म्हणता येत नाही. बकऱ्याच्या मुखाची परंपरा जुनी खरी; पण मध्ययुगातील चित्रकारापुढे मथुरेचे शिल्प नव्हते. त्याच्यापुढे होती गुरूने गिरविलेली आकृती, काही पोथ्यांत समासात लिहिलेली एखादी त्रोटक सूचना, आणि कानांवर पडणारे ते नाव. पशूचे मस्तक त्याला परंपरेने मिळाले. ते कोणत्या पशूचे, हे ठरविताना नावातील ‘हरिण’ हा शब्द कामी आला असावा. बकऱ्यापासून हरिणापर्यंतचा प्रवास असा दोन वाटांनी झाला, हेच मत अधिक सयुक्तिक दिसते. शिवाय ताडपत्राच्या अरुंद पट्टीवर बोटभर उंचीची आकृती काढताना शिंगे सरळ की वळलेली, याचा काटेकोर विचार प्रत्येक हाताने केला असेल, असे मानण्याचेही कारण नाही. आजच्या अभ्यासकाला जी संदिग्धता जाचते, ती त्या चित्रकाराला जाणवलीही नसेल.

या विषयावर वडोदऱ्याचे ऋण मोठे आहे. तेथील प्राच्यविद्या मंदिरात आयुष्य वेचलेले डॉ. उमाकांत प्रेमानंद शहा यांनी हरिणेगमेषीवर स्वतंत्र निबंध लिहून वेदकालापासूनचे साहित्य आणि शिल्पचित्रांचे पुरावे एकत्र मांडले. जौनपूर येथे इ. स. १४६५ मध्ये सुवर्णाक्षरांत लिहिलेले प्रसिद्ध कल्पसूत्रही वडोदऱ्याच्या जैन ज्ञानभांडारातील प्रत म्हणूनच अभ्यासकांना ठाऊक झाले. साराभाई नवाब यांनी १९३६ मध्ये अहमदाबादेत ‘जैन चित्रकल्पद्रुम’ काढला, तेव्हा भांडारांत कापडात गुंडाळून ठेवलेली अशी कितीतरी चित्रे प्रथमच सर्वांसमोर आली.

या चित्रांपैकी गर्भहरणाचे चित्र नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. हरिणेगमेषीने दोन्ही घरांतील माणसांना गाढ निद्रेत टाकले, असे ग्रंथ सांगतो. त्यामुळे देवानंदा मंचकावर निजलेली, त्रिशलाही निजलेली. ते चमत्कारिक मुख दोघींपैकी कोणीच पाहत नाही. पाहतात ते पर्युषणात पोथीच्या वाचनाला जमलेले श्रावक.