विद्युतधारा

विद्युतधारा म्हणजे वाहकातून होणारे विद्युतप्रभाराचे वहन होय. वाहकाच्या काटछेदातून सेकंदाला एक कूलोम प्रभार वाहत असल्यास धारा १ अँपिअर असते. हे एकक फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे-मारी अँपिअर (१७७५–१८३६) यांच्या नावावरून पडले.

धातूच्या तारेत मुक्त इलेक्ट्रॉन ऋण अग्राकडून धन अग्राकडे सरकतात. धारेची सांकेतिक दिशा मात्र याच्या उलट मानतात, कारण हा संकेत १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागण्यापूर्वीच रूढ झाला होता.

दिव्यात धारा 'खर्च' होते हा समज चुकीचा आहे. एकसर जोडणीत दिव्याच्या आधी व नंतर अमीटर सारखेच मूल्य दाखवतो. दिव्यात रूपांतर होते ते ऊर्जेचे. परिपथात सर्वत्र समान धारा असते, म्हणूनच वितळतार (फ्यूज) एकसर जोडतात. लघुपरिपथन झाल्यास रोध कमी होऊन धारा एकदम वाढते. तेव्हा कमी द्रवणांकाची वितळतार वितळते व परिपथ खंडित होतो. तिच्या जागी तांब्याची जाड तार बसवल्यास ती वितळत नाही. भिंतीतील तारा तापून आग लागण्याचा धोका संभवतो.