सकाळची ती धून

आमच्याकडे यवतमाळला सकाळ रेडिओनेच व्हायची. आधी नुसती खरखर, मग तंबोऱ्यावर व्हायोलिनची ती धून, मग वंदे मातरम्. धून संपायच्या आत अंथरूण सोडायचं, हा आईचा नियम. इतकी वर्षं ऐकली, पण ती कुणी केली असेल असं कधी मनातही आलं नाही. सरकारी वाटायची ना!

तर ती केली वॉल्टर कॉफमन यांनी. जन्म १९०७, कार्ल्सबाडचा. तेव्हा ते गाव ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, आता चेक देशात आहे. बर्लिनला संगीत शिकले, पुढे प्रागला संशोधन केलं. पण मार्गदर्शक नाझींचे आहेत म्हटल्यावर पदवीच नाकारली. माणूस ज्यू. १९३४ मध्ये मुंबईला आले आणि चक्क बारा वर्षं राहिले. आपल्या संगीताच्या तबकड्या पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्यांना काही म्हणता काही कळलं नव्हतं. पण एवढ्या लोकांना हे आवडतं, म्हणजे खोट आपल्याच कानात असणार, असं त्यांनी ठरवलं. (हे मला फार आवडलं. आपण उलटं करतो.)

मुंबईत चेंबर म्युझिक सोसायटी काढली, मोहन भवनानींच्या चित्रपटांना संगीत दिलं आणि १९३७ ते १९४६ रेडिओत पाश्चात्त्य संगीताचं काम पाहिलं. धून १९३६ची असं सगळीकडे छापलेलं असतं, नोकरी १९३७ची. मला तरी हे जुळत नाही. व्हायोलिन मेहली मेहतांचं, म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांचं, असं सांगतात. स्वर ऐकले की शिवरंजनी आठवतो.

१९४६ला ते इंग्लंडला गेले, तिथे बीबीसीचा वाद्यवृंद चालवला. १९४८पासून कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालक, १९५७पासून अमेरिकेत प्राध्यापक. तिथे बसून त्यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि बस्तरच्या माडिया-मुरिया गोंडांच्या गाण्यांवर न् वाद्यांवर लेखही. आपल्या केळापूर-घाटंजीकडे एवढी गोंड वस्ती, पण त्यांची गाणी आम्ही कधी कान देऊन ऐकली नाहीत. असो.

१९८४ मध्ये ते अमेरिकेतच गेले. तेव्हाही आमच्या घरी रोज सकाळी धून वाजत होतीच. सुगम संगीताच्या कार्यक्रमात निवेदिका गीतकार, संगीतकार, गायक अशी सगळी नावं नीट सांगायची. या धुनेमागे मात्र कुणाचं नाव यायचं नाही. ती संपली की लगेच वंदे मातरम्, आणि आईची हाक.