काचबिंदूची शिरगणती

एखाद्या रोगाची शिरगणती करावयाची, तर रोगी कोणास म्हणावें हें आधीं ठरवावें लागतें. काचबिंदूच्या बाबतींत तें ठरण्यास जवळजवळ एक शतक लागलें.

१९०५ सालीं नॉर्वेच्या शिओट्झ यांनीं डोळ्यांतील दाब मोजण्याचें सुटसुटीत उपकरण पुढें आणलें. कालांतरानें पाऱ्याचे २१ मिलिमीटर ही रोगाची सीमा समजली जाऊं लागली. परंतु वेल्समधील फर्नडेल येथें हॉलोज व ग्रॅहॅम यांनीं चाळिशी उलटलेल्या ४,००० हून अधिक लोकांचे डोळे तपासले, तेव्हां या सीमेचा फोलपणा उघड झाला. १९६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणें, दाब अधिक असलेल्या बहुतेकांची दृष्टि शाबूत होती. उलट कित्येक रोग्यांचा दाब बेताचाच निघाला.

म्हणून २००२ सालीं फॉस्टर प्रभृति तज्ज्ञांनीं शिरगणतीसाठीं जी व्याख्या मांडली, तींत डोळ्याच्या मज्जातंतूची झीज व दृष्टिक्षेत्राचा ऱ्हास यांसच मुख्य प्रमाण मानलें.

अशा कसून केलेल्या तपासणीनें दडलेला रोग उजेडांत येतो. तामिळनाडूंतील अरविंद नेत्रसंस्थेनें ४० वर्षांवरील ५,१५० लोक तपासले. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत, संथपणें वाढणाऱ्या काचबिंदूच्या दर दहा रोग्यांपैकीं नऊंहून अधिकांस आपल्या रोगाची वार्ताही नव्हती, असें आढळलें. गेलेली दृष्टि परत येत नाहीं. दाब उतरवून उरलेली मात्र बहुधा राखतां येते. त्यासाठीं रोगी वेळेवर ओळखला गेला पाहिजे.