विद्यार्थी वसतिगृहे, महाराष्ट्रातील

माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी गाव सोडून येणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांच्या निवासाची, भोजनाची व अभ्यासाची सोय करणाऱ्या, मुख्यतः लोकाश्रयावर चाललेल्या संस्था. बोलीभाषेत त्यांना ‘बोर्डिंग’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेड्यांतून प्राथमिक शाळा निघू लागल्या, तरी हायस्कूल जिल्ह्याच्या किंवा संस्थानाच्या मुख्य गावी आणि महाविद्यालय त्याहून दूर असे. त्यामुळे शेतकऱ्याच्या वा कारागिराच्या हुशार मुलाचे शिक्षण बहुधा मराठी चौथी–सहावीपाशी थांबे. शाळेच्या शुल्कापेक्षा परगावी दोन वेळचे अन्न कोठे मिळणार, हा त्याच्यापुढील मोठा प्रश्न होता.

ह्या प्रश्नाचे एक जुने उत्तर म्हणजे माधुकरी मागणे किंवा वार लावून जेवणे. पुण्यासारख्या शहरात गरीब ब्राह्मण विद्यार्थी आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवून मॅट्रिकपर्यंत पोहोचत. ह्या प्रथेने अनेक कर्तबगार माणसे घडविली. तथापि ती जातीच्या बंधनाने मर्यादित होती. कुणबी, साळी वा महार विद्यार्थ्यास शहरात असे वार लावणारी घरे नव्हती. माधुकरीवर जगणाऱ्या मुलांना एका छपराखाली आणण्याच्या हेतूने पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह (पुढे पुणे विद्यार्थी गृह) स्थापन झाले आणि त्याने पुढे मुद्रणासारख्या व्यवसायाचीही जोड शिक्षणास दिली.

वसतिगृहांना चळवळीचे स्वरूप आले ते कोल्हापुरात. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ मध्ये राजाराम महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुले असे वसतिगृह काढले. परंतु थोड्याच वर्षांत ते व्यवहारतः ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन राहिले. नियमाने दार उघडे ठेवले, तरी स्वयंपाकघर व पंगत ह्यांतील भेद ते दार बंद करतात, हा ह्या प्रयोगाचा अनुभव होता. म्हणून महाराजांनी दुसरा मार्ग धरला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच सुमारास दिगंबर जैन बोर्डिंग आणि १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांच्या कन्येचे नाव त्यास देण्यात आले. पुढील दशकात लिंगायत, दैवज्ञ, शिंपी, पांचाळ, सारस्वत, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, ख्रिस्ती इ. समाजांची वसतिगृहे तेथे निघाली. दरबाराने जागा, इमारत व वार्षिक अनुदान द्यावे आणि कारभार त्या त्या समाजाच्या मंडळाने वर्गणी जमवून चालवावा, अशी साधारण रीत होती. समाजातील चार जाणत्या माणसांवर जबाबदारी पडल्यामुळे ‘आपली मुले शिकली पाहिजेत’ ही भावना त्या समाजात रुजली.

ह्या वसतिगृहांचा संबंध नोकरीशी किती निकट होता, हे कालक्रमावरून दिसते. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी संस्थानातील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा जाहीरनामा काढला. जागा राखल्या, पण त्या भरण्याजोगे इंग्रजी शिकलेले उमेदवार त्या वर्गांत तुरळकच होते. ते तयार करण्याचे काम वसतिगृहांनी केले. अशा रीतीने एकीकडे शिक्षणाची वाट व दुसरीकडे त्या वाटेच्या शेवटी नोकरी, अशी दोन्ही टोके एकाच धोरणात बांधली गेली. वसतिगृहांची ही योजना जातिभेद पक्का करणारी आहे, अशी टीका तेव्हाही झाली व नंतरही होत राहिली. ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. परंतु १८९६ चा अनुभव विचारात घेता, जातवार वसतिगृहांवाचून बहुजन समाजातील पहिली शिक्षित पिढी इतक्या लवकर उभी राहिली असती, असे दिसत नाही.

ह्या टीकेला कृतीने उत्तर दिले ते कोल्हापुरातच शिकलेल्या एका विद्यार्थ्याने. भाऊराव पाटील (१८८७–१९५९) राजाराम हायस्कुलात शिकत असताना जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेल्यावर त्यांना शुद्धीसाठी स्नान करण्यास सांगण्यात आले, ते त्यांनी नाकारले आणि बोर्डिंग सोडावे लागले, असे सांगितले जाते. किर्लोस्करांचे नांगर व ओगल्यांचे कंदील विकण्यासाठी गावोगाव हिंडताना त्यांनी खेड्यातील दारिद्र्य जवळून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहास २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले.

शाहू बोर्डिंगात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, आपला स्वयंपाक आपणच करीत व एका पंगतीत जेवत. लाकडे फोडणे, पाणी भरणे, शेतीबागेतील कामे ही सर्व विद्यार्थ्यांकडेच होती. सुगीच्या दिवसांत खेड्यापाड्यांतून धान्य गोळा केले जाई. प्रारंभीच्या अडचणीच्या काळात भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई (मृ. १९३०) ह्यांनी मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. कष्टाच्या मोबदल्यात शिक्षण हे सूत्र १९४० मध्ये साताऱ्यात निघालेल्या महाराजा सयाजीराव विद्यालयात आणि १९४७ मध्ये स्थापन झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा व शिका’ ह्या नावाने रूढ झाले. गावच्या शाळेत शिकलेला मुलगा वसतिगृहातून हायस्कुलात, तेथून महाविद्यालयात जाई, किंवा संस्थेच्या अध्यापक विद्यालयातून (१९३५) शिक्षक होऊन पुन्हा खेड्यात परते. हा दुसरा मार्ग विशेष महत्त्वाचा म्हटला पाहिजे. कारण परतलेला शिक्षक पुढच्या मुलांना तीच वाट दाखवी. शाहू बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील इंग्लंडमध्ये बॅरिस्टर झाले व पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गांधीहत्येनंतरच्या क्षुब्ध वातावरणात मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले, तेव्हा गाडगे महाराजांसारख्या लोकसेवकांनी संस्थेची बाजू उचलून धरली. कऱ्हाड येथील महाविद्यालयास (१९५४) त्यांचे नाव आहे.

अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या बाबतीत वसतिगृहाची गरज सर्वांत तीव्र होती, कारण शहरात त्यांना भाड्यानेही खोली मिळत नसे. विठ्ठल रामजी शिंदे ह्यांच्या भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळाने (१९०६) ह्या कामास आरंभ केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा (१९२४) स्थापन केल्यावर तिच्या आरंभीच्या कार्यांपैकी एक म्हणजे सोलापूर येथे जानेवारी १९२५ मध्ये काढलेले वसतिगृह होय. माध्यमिक विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी त्यांनी १९२८ मध्ये स्वतंत्र शिक्षण संस्था स्थापिली. मुंबईत १९४६ मध्ये निघालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत. त्यामुळे दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना पदवीपर्यंत जाता आले. विदर्भात पंजाबराव देशमुख ह्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढून सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवले.

मुलींच्या वाट्याला ह्या सर्व व्यवस्थेतील फारच थोडे आले. कोल्हापूरची बोर्डिंगे मुलांचीच होती. धोंडो केशव कर्वे ह्यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६) आणि रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखालील पुणे सेवासदन (१९०९) ह्यांनी विधवा व प्रौढ स्त्रियांना शिक्षिका, परिचारिका अशा व्यवसायांची वाट दाखविली. परंतु खेड्यातील सामान्य घरच्या मुलीस हायस्कुलासाठी परगावी ठेवणे, ही गोष्ट स्वातंत्र्यानंतरही दीर्घ काळ दुर्मिळच राहिली.

१९५५ मध्ये पुण्यात अच्युतराव आपटे ह्यांनी स्थापन केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने जात न पाहता आर्थिक गरज हा निकष ठेवला. १९७५ पासून दहावी–बारावीचा आकृतिबंध आल्यावर खेड्यांतील अनेक माध्यमिक शाळांना कनिष्ठ महाविद्यालये जोडली गेली आणि गाव सोडण्याचे वय पुढे गेले. तेव्हापासून वसतिगृहांतील गर्दी अकरावीऐवजी पदवी व व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांची होऊ लागली. शासकीय वसतिगृहांत प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस निवास व भोजन ह्यांसाठी रोख साहाय्य देणारी स्वाधार योजना महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून राबविली. तिचा पैसा थेट विद्यार्थ्याच्या बँकखात्यात जमा होतो; खोली व खानावळ त्याने शहरात स्वतःच शोधावयाची असते.