चांद्याच्या जंगलात हरवलेली पोलादनगरी

१/५
मुंबईहून चाळीसगाव-भुसावळमार्गे नागपूरला जाणाऱ्या लोहमार्गाने विदर्भाची खनिजभूमी जवळ आणली. १९०४ साली दोराबजी टाटा आणि अमेरिकी भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड हे चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, जंगलात शिरले ते लोखंडाच्या शोधात.

२/५
प्रेरणा जुनी होती. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने लोहाऱ्याच्या खनिजावर अहवाल लिहिला. तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि पोलादाचा ध्यास जडला.

३/५
रेल्वे संपली की पुढे बैलगाडी आणि वाघांचे अरण्य. लोहाऱ्यात खनिज होते. पण जवळच्या वरोऱ्याच्या कोळशापासून भट्टीला लागणारा कोक होत नव्हता.

४/५
शोध थांबवत असल्याचे कळवण्यास दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. अधिकाऱ्याची भेट होईपर्यंत ते समोरच्या संग्रहालयात डोकावले. तेथील भूशास्त्रीय नकाशात दुर्ग जिल्ह्यावर लोहखनिजाचा गडद रंग होता! त्या खुणेवरून ते धल्ली-राजहऱ्याच्या टेकडीवर पोहोचले.

५/५
तेथेही योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी जवळ नव्हते. अखेर प्रमथनाथ बोस यांच्या पत्राने मयूरभंजची वाट दाखवली. १९०७ साली टिस्को स्थापन झाली, १९१२ साली साकचीत पोलाद ओतले गेले. साकची म्हणजेच आजचे जमशेदपूर. लोखंड चांद्यातही होते. कोळसा, पाणी आणि रेल्वे यांची सांगड मात्र साकचीत जुळली.