टिपलेला डाव : पोकरमधील आत्मपरीक्षणाची कुळकथा

खेळून झालेला डाव पुन्हा मांडून त्यातील प्रत्येक निर्णय तपासण्याची पद्धत आज पोकरमध्ये पूर्णपणे रुळलेली असली, तरी या खेळाच्या सुमारे दोनशे वर्षांच्या इतिहासात ती अगदी अलीकडची आहे, आणि याचे कारण खेळाच्या रचनेतच सापडते. बुद्धिबळात सर्व मोहरी उघड असतात व चाली लिहून ठेवण्याची परंपरा जुनी आहे, त्यामुळे शतकापूर्वीचा डावही पटावर जसाच्या तसा मांडता येतो. पोकरमध्ये मात्र माघार घेणारा खेळाडू आपले पत्ते पालथेच टाकतो, ते दाखवण्याचे बंधन त्याच्यावर नसते, आणि पुढच्या वाटणीसाठी कॅट पिसला गेला की झाल्या डावाचा पुरावाच उरत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीवरील आगबोटींवर हा खेळ पसरला. जोसेफ कोवेल या इंग्रज नटाने 1844 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत 1829 मधील अशाच एका बोटीवरचा खेळ वर्णिला आहे. त्या काळचा जुगारी स्मरणशक्तीवर आणि समोरच्याचा चेहरा वाचण्याच्या कसबावर भिस्त ठेवी. जिंकलेला डाव चांगला खेळला गेला आणि हरलेला वाईट, यापलीकडची कसोटी त्याच्याजवळ नव्हती.

ती कसोटी जुगाराच्या टेबलावरून नव्हे, तर गणितातून आली. जॉन फॉन नॉयमन यांनी 1928 मध्ये खेळांच्या गणिती सिद्धांताचा पाया घातला आणि 1944 मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात पोकरचे एक सोपे प्रारूप सोडवून दाखवले. हूल देणे, म्हणजे हातात कमकुवत पत्ते असताना मोठी पैज लावणे, ही केवळ धाडसाची बाब नसून ठरावीक प्रमाणात ती देणे हा उत्तम खेळाचा आवश्यक भाग आहे, हे त्यातून सिद्ध झाले. अशी एखादी हूल फसली तरी ती देण्याचा निर्णय योग्य असू शकतो, कारण निर्णयाचे मोल अनेक डावांच्या सरासरीवर ठरते. पोकरच्या आत्मपरीक्षणाचा खरा जन्म या विचारात आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

हा विचार खेळाडूंपर्यंत पुस्तकांच्या वाटेने पोहोचला. डॉयल ब्रन्सन यांनी 1978 च्या सुमारास काढलेल्या ‘सुपर/सिस्टम’ या जाडजूड ग्रंथात माइक कारो यांनी तयार केलेले संभाव्यतेचे तक्ते होते, तर डेव्हिड स्क्लान्स्की यांनी तत्त्वाच्या रूपात एक मापदंड मांडला : प्रतिस्पर्ध्याचे पत्ते दिसत असते तर जसे खेळलो असतो, त्याहून वेगळे खेळण्यात आपला तोटा असतो. या मापदंडाने एखादा डाव कसा तपासला जातो ते पाहण्यासारखे आहे. टेक्सास होल्डेम या प्रकारात एका खेळाडूजवळ बदामाचे चार पत्ते जमले आहेत, पाचवा मिळाल्यासच तो जिंकेल, आणि शेवटचा एकच पत्ता उघडायचा आहे असे समजू. टेबलावर 100 डॉलर जमा असताना प्रतिस्पर्धी आणखी 100 लावतो. न दिसलेल्या 46 पत्त्यांपैकी 9 बदामाचे आहेत, म्हणजे जिंकण्याची शक्यता वीस टक्क्यांहूनही थोडी कमी. उलट 300 च्या एकूण रकमेसाठी 100 मोजणे परवडायचे तर ती तेहतीस टक्क्यांच्या वर हवी. शेवटचा पत्ता बदामाचा निघून हा खेळाडू जिंकला, तरी पैज स्वीकारण्याच्या त्याच्या निर्णयात दर वेळी सरासरी सुमारे 41 डॉलरचा तोटा दडलेला असतो. जिंकलेल्या डावातली चूक ही सर्वांत उशिरा सापडते, कारण ती शोधावी असे कोणालाच वाटत नाही.

मापदंड मिळाला, पण मोजायला नोंदी नव्हत्या. ती उणीव दोन बाजूंनी भरून निघाली. हेन्री ओरेनस्टीन यांनी खेळाडूंचे झाकलेले पत्ते प्रेक्षकांना दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या योजनेचे पेटंट 1995 मध्ये मिळवले, आणि 1999 मध्ये ब्रिटनमधील ‘लेट नाइट पोकर’ या दूरचित्रवाणी मालिकेने टाकून दिलेले पत्तेही प्रथमच सर्वांसमोर आणले. त्याआधी, 1998 मध्ये, ‘प्लॅनेट पोकर’ने खऱ्या पैशांचा ऑनलाइन खेळ सुरू केला होता. संगणकावर खेळला गेलेला प्रत्येक डाव आपोआप लिहिला जात असल्याने ‘हँड हिस्टरी’, म्हणजे वाटणीपासून निकालापर्यंतची डावाची लेखी नोंद, सामान्य खेळाडूच्याही हाती येऊ लागली. ‘पोकरट्रॅकर’सारख्या सॉफ्टवेअरने अशा हजारो नोंदी एकत्र करून, खेळाडू किती टक्के डावांत स्वेच्छेने पैसे घालतो यासारखी प्रमाणे काढून दिली, आणि एका डावात न दिसणारी खोड आकड्यांत उघडी पडू लागली.

पुढची पायरी म्हणजे तपासणीचेच यांत्रिकीकरण. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2007 मध्ये मांडलेल्या रीतीत संगणक स्वतःशीच खेळतो, सोडून दिलेल्या प्रत्येक पर्यायातून किती अधिक मिळाले असते याचा हिशेब ठेवतो, आणि ही हळहळ ज्या पर्यायाबाबत अधिक तो पुढे अधिक वेळा निवडतो. याच परंपरेतील ‘सेफियस’ने 2015 मध्ये दोघांमधील मर्यादित पैजांचा होल्डेम व्यवहारतः सोडवला. त्याच सुमारास ‘पायोसॉल्व्हर’सारखी साधने बाजारात आली आणि खेळाडू आपला निर्णय संगणकाच्या उत्तराशेजारी ठेवून पाहू लागले.

जानेवारी 2017 मध्ये पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’विरुद्ध चार व्यावसायिक खेळाडू 1,20,000 डाव खेळले. दिवसभराचा खेळ संपल्यावर हे खेळाडू एकत्र बसून यंत्राच्या उणिवा शोधत. त्याच रात्री यंत्रही, खेळाडूंनी आपल्या धोरणातील कोणत्या फटी वापरल्या हे तपासून त्या बुजवत असे. सामन्याअखेर ‘लिब्राटस’ सतरा लाख डॉलरहून अधिक किमतीच्या चिप्सनी पुढे होते. आज प्रमुख ऑनलाइन संस्थांच्या नियमांनुसार डाव चालू असताना अशा साधनांची मदत घेणे निषिद्ध आहे, मात्र डाव संपल्यानंतर त्यांच्या आधारे स्वतःच्या खेळाचा अभ्यास करण्यास मोकळीक आहे.